मुलांच्या अंगणात गेलेल्या बाई : अनुताई वाघ



मागच्या महिन्यात एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब मला भेटायला आले. आईवडील, आजी आणि मुलगी. मुलीने डी.एल.एड. केले आहे (आपण अजून डी.एड.च म्हणतो), टीईटी उत्तीर्ण झाली आहे, आणि बरीच वाट पाहिल्यावर पवित्र पोर्टलच्या यादीत तिचे नाव लागले. खरे तर पेढे घेऊन यायचे. पण चौघांचेही चेहरे उतरलेले होते. नेमणूक मिळाली होती पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत. हर्सूलहून तिथे जायचे म्हणजे आधी मुंबईची गाडी, मग डहाणूची लोकल, मग एस.टी. किंवा रिक्षा आणि शेवटी पायपीट. वडिलांना अंतराची काळजी, आजीला तरुण पोर एकटी राहणार याची, आईला पैशांची. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षे महिना १६ हजार रुपये मानधन, त्यातच खोलीचे भाडे आणि येणेजाणे. मुलीचे दुःख निराळे होते आणि ते तिने सर्वांत शेवटी, जरा लाजत सांगितले. तिला मोठ्या मुलांना विज्ञान शिकवायचे होते. पहिली-दुसरीच्या मुलांची नाके पुसण्यासाठी आपण एवढ्या परीक्षा दिल्या का, असे तिला वाटत होते.

जावे की न जावे हे फादरांनी सांगावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मी लगेच काही सांगितले नाही. हा आम्हा धर्मगुरूंचा जुना हातखंडा आहे. पण डहाणू हे नाव ऐकताच मला एक बाई आठवल्या. त्यांची अर्धी गोष्ट मी चहा होईपर्यंत सांगितली, उरलेली राहिली. आपल्या धर्मग्रामात जिल्हा परिषदेचे आणि संस्थांचे शिक्षक पुष्कळ आहेत, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारे तरुणही आहेत. म्हणून त्या कुटुंबाला विचारून पूर्ण गोष्ट इथे लिहीत आहे.

त्या बाई म्हणजे अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. अष्टविनायकांतले पहिले म्हणून आपण ते गाव ओळखतो. १९२३ साली, वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत पती वारले. संसार म्हणजे काय हे कळण्याआधीच ही मुलगी विधवा झाली. आजच्या मुलामुलींना हे ऐकून विचित्र वाटेल, पण आपल्या पणज्यांच्या पिढीत अशी मुलगी शोधायला लांब जावे लागत नसे. महर्षी कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला त्याला तेव्हा पंचवीसहून अधिक वर्षे झाली होती, स्त्रियांचे विद्यापीठही १९१६ साली निघाले होते. तरी बहुतेक घरांत अशा मुलीच्या वाट्याला स्वयंपाकघराचा कोपरा, उष्टीखरकटी आणि इतरांची बाळंतपणे एवढेच येई. अनुताईंच्या घरच्यांनी त्यांना कोपऱ्यात बसवले नाही, शिकू दिले. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी उत्तीर्ण झाल्या आणि पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून प्रशिक्षित शिक्षिका होऊन बाहेर पडल्या.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. थोर शिक्षकांची चरित्रे लिहिताना त्यांना लहानपणापासूनच मुलांची ओढ होती, असे लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या काळी एकट्या पडलेल्या स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे राहायचे तर मोजून दोन दारे उघडी होती. एक दवाखान्याचे, दुसरे शाळेचे. आवडनिवड हा प्रश्न फार थोड्या जणींच्या वाट्याला येई. अनुताईंनी शाळेचे दार धरले. पहिली नोकरी लागली ती नाशिक जिल्ह्यातील चांदवडला. रेणुकामातेच्या दर्शनाला किंवा अहिल्याबाईंचा रंगमहाल पाहायला आपल्यापैकी काही जण तिथे गेले असतील. १९२९ सालच्या चांदवडात विशीतली विधवा मास्तरीण होऊन एकटी राहते, ही साधी गोष्ट नव्हती. चार वर्षे त्यांनी तिथे काढली.

१९३३ साली त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत आल्या. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जिथे होती त्या जागेवरची ही मुलींची नामांकित शाळा, १८८४ साली निघालेली. दिवसा शिकवायचे आणि रात्री स्वतः रात्रशाळेच्या बाकावर बसायचे, असे करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. पुढे आणखी काही वर्षे गेली. नोकरी पक्की, पगार नियमित, नाव चांगले. तेराव्या वर्षी ज्या मुलीचे सगळे संपले असे गावाने मानले होते, ती पस्तिशीला आली तेव्हा पुण्यासारख्या शहरात मानाने जगत होती. इथेच ही गोष्ट थांबली असती तरी ती सांगण्यासारखी झाली असती.

१९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा गांधी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ जो निधी उभा राहिला त्यातून खेड्यांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी शिबिरे भरू लागली. असे एक शिबिर १९४५ साली बोरिवलीला भरले. अनुताई तिथे गेल्या आणि तिथे त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली.

ताराबाईंविषयी थोडे सांगायलाच हवे. त्या अनुताईंपेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या, १८९२ चा जन्म, त्या काळच्या पदवीधर. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. हे गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून त्यांनी १९२० साली लहान मुलांसाठी बालमंदिर काढले आणि मुलांत इतके रमले की लोक त्यांना मिशीवाली आई म्हणू लागले. त्या दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. त्यांच्या कामाचा पाया होता डॉ. मारिया माँटेसोरी यांचा विचार. माँटेसोरीबाई इटलीतल्या, डॉक्टर, आपल्याच कॅथलिक घरातल्या. ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणादिवशी, त्यांनी रोममधील सॅन लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांवर आणि गल्ल्यांत भटकणारी ती मुले होती. मुलाला हातात वस्तू द्या, त्याच्या उंचीचे टेबल द्या, आणि तुम्ही जरा बाजूला व्हा, हे त्यांचे सूत्र. त्या १९३९ साली मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या.

मात्र गरिबांच्या वस्तीत जन्मलेली ही पद्धत आपल्याकडे येईतो श्रीमंतांची झाली. रंगवलेले लाकडी साहित्य महाग. बालमंदिरात येणारी मुले वकील, डॉक्टर, व्यापारी यांची. ताराबाईंना ही गोष्ट खात होती. खेड्यातल्या, ज्याच्या घरी खेळणे म्हणून वस्तूच नाही अशा मुलासाठी बालशिक्षण शक्य आहे की नाही हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी जागा निवडली डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे बोर्डी गाव. त्यांना सोबतीण हवी होती. अनुताई हुजूरपागेची नोकरी सोडून त्यांच्याबरोबर निघाल्या.

पस्तीस वर्षांच्या बाईने पक्की नोकरी सोडून, कुणी बोलावलेले नसताना, अनोळखी मुलखात जायचे. कशासाठी? तर पाचसहा वर्षांच्या पोरांसाठी. चढती पायरी सोडून त्या खालच्या पायरीवर गेल्या असे पुण्यात कुणी म्हटले असेल तर मला नवल वाटणार नाही. आपल्याकडे आजही तोच हिशेब आहे. महाविद्यालयात शिकवणारा मोठा, हायस्कूलवाला त्याच्या खाली, प्राथमिकवाला त्याच्याही खाली, आणि बालवाडीची बाई तर कुणाच्या यादीतच नाही.

त्या दोघी बोर्डीला पोहोचल्या ते वर्षही साधे नव्हते. १९४५ साली डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत वारल्यांचा उठाव झाला. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवराबायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचे, अशा माणसाला लग्नगडी म्हणत. ही गुलामगिरी आणि वेठबिगार मोडण्यासाठी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली आदिवासी उभे राहिले होते. वातावरण संशयाचे होते. बाहेरून येणारा पांढरपेशा माणूस म्हणजे सावकार, फॉरेस्टचा शिपाई, नाहीतर पोलीस. तो काही चांगले करायला येतो हे त्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या पाहिले नव्हते.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. गावातली मुले येऊ लागली. पण ज्यांच्यासाठी एवढ्या लांब आलो ती वस्तीतली मुले, ज्यांच्या जातीला तेव्हा गाव शिवून घेत नसे, ती फिरकेनात. बोलावून आणली तर दोन दिवस येत, तिसऱ्या दिवशी गायब. अंघोळ नाही, अंगावर धड कपडा नाही, सकाळी पोटात काही नाही. आई पहाटेच मजुरीला गेलेली. अशा मुलाने नीटनेटके होऊन नऊ वाजता शाळेत यावे ही अपेक्षाच चुकीची होती. बहुतेक शिक्षक अशा वेळी हजेरीपटावर गैरहजेरी मांडतात आणि पालकांना दोष देतात. मीही धर्मशिक्षणाच्या वर्गात हेच केले आहे.

ताराबाई आणि अनुताईंनी उलटे केले. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल. सामानाची पेटी घेऊन त्या वस्तीत जात. अंगण झाडायचे, विहिरीवरून पाणी आणायचे, मुलांना अंघोळ घालायची, डोकी विंचरायची, नखे कापायची, आणि मग तिथेच, त्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर गाणी, गोष्टी, खेळ. आई कामावरून लवकर आली तर उंबऱ्यात बसून बघे. या प्रयोगाला नाव मिळाले अंगणवाडी. १९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने बालकांच्या पोषणाची आणि शिक्षणाची योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांसाठी हाच शब्द घेतला. आपल्या हर्सूलच्या गल्लीतली अंगणवाडी आणि तिथल्या ताई यांचे मूळ असे बोर्डीच्या एका अंगणात आहे. ताईंना हे कुणी सांगितले आहे की नाही कोण जाणे. पोषण आहाराच्या नोंदी आणि मोबाईलवरची माहिती भरण्यात त्यांचा दिवस जातो.

महागड्या साहित्याचा प्रश्न समुद्राने आणि जंगलाने सोडवला. शंख, शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, फुले, बांबूच्या कांड्या, ओली माती. लहानमोठे ओळखायला शिंपले, खरखरीत-गुळगुळीत ओळखायला झाडाच्या साली, मोजायला बिया. रोमच्या बालगृहातल्या ठोकळ्यांनी जे साधायचे ते सगळे यांत साधत होते, आणि शिवाय मूल घरी जाताना वाटेवर तेच खेळत जाई. शाळा सुटली तरी साहित्य संपत नसे.

पुढचा आणि अवघड भाग १९५७ चा. त्या साली हे काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेले, थेट वारली पाड्यांच्या मध्ये. तिथे पहिला अडसर भीतीचा होता. नीट साडी नेसलेली परकी बाई दिसली की मुले पळ काढीत. दुसरा अडसर भाषेचा. घरची बोली वारली, शाळेची भाषा पुस्तकी मराठी. आपण म्हणतो ती सोपी मराठी त्या मुलाला परकीच. मग शिक्षिकांनी मुलांची बोली शिकायला सुरुवात केली. हे मला फार मोलाचे वाटते. आधी बाई मुलाकडून शिकली, मग मूल बाईकडून. तिसरा अडसर कामाचा. सात वर्षांचा मुलगा गुरे राखतो, आठ वर्षांची मुलगी कडेवर धाकटे भावंड घेऊन हिंडते. ही मुले आळशी नव्हती, ती नोकरीवर होती.

या मुलींसाठी अनुताईंनी शाळेला लागूनच पाळणाघर काढले. भावंडाला तिथे ठेवायचे आणि आपण शेजारच्या वर्गात बसायचे. मधल्या सुट्टीत जाऊन बघून यायचे की रडते आहे का. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हे सगळे एकाच आवारात. त्याला नाव दिले विकासवाडी. बालवाडीतून पहिलीत जाणारे मूल अनोळखी ठिकाणी जात नसे, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाई. शिक्षणशास्त्राची पुस्तके ज्या गळतीवर प्रकरणेच्या प्रकरणे लिहितात, तिचे एक मोठे कारण पाळण्याने कमी झाले.

आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा. गुरे जिथे चरतात तिथे शिक्षक जाई. गुरे एका बाजूला, मुले झाडाखाली. गाय शेताकडे वळली तर विद्यार्थी मध्येच उठून पळणार, तिला हाकलून परत येणार, आणि मग उरलेली बेरीज. जो दिवसभर राबतो त्याच्यासाठी रात्रीचा वर्ग. ज्यांना आपण शाळेची शिस्त म्हणतो, घंटा, रांग, बाक, ठरलेले तास, त्यातले बरेचसे अनुताईंनी बाजूला ठेवले. पण रोज जाण्याची शिस्त स्वतःवर लादून घेतली. मूल येवो न येवो, बाई येणार.

वर्गातला आनंद म्हणतात तो अनुताईंना इथे मिळाला, आणि तो कसा मिळाला यावर मी बराच विचार केला आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटल, थॉमस अक्वायनस, कांट यांच्यात मोठी गोडी वाटे. त्याच वर्षांत रविवारी मला तिसरीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग दिला होता. मी तयारी करून जाई आणि वीस मिनिटांत सगळे संपे; उरलेली चाळीस मिनिटे मी घड्याळाकडे आणि मुले खिडकीकडे बघत. मला तेव्हा वाटे की मुलांना विषय कळत नाही म्हणून वर्ग कंटाळवाणा होतो.

पुढे संत अगस्तीनचे एक छोटे पुस्तक वाचनात आले. इसवी सन ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रासियास नावाच्या एका डीकनने त्यांना कळवले होते की नवख्या लोकांना श्रद्धेची प्राथमिक ओळख करून देताना मला स्वतःलाच माझ्या बोलण्याचा कंटाळा येतो, काय करू? अगस्तीनसारखा प्रकांड पंडित. त्याने या तक्रारीला पुस्तकभर उत्तर दिले. काय शिकवायचे हे तो सांगतोच, पण त्याला जास्त महत्त्वाचे वाटते ते शिकवणाऱ्याचे मन प्रसन्न कसे राहील. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की तीच तीच सोपी गोष्ट पुन्हा सांगण्याचा कंटाळा आपण ती एकटे सांगत असतो म्हणून येतो. ऐकणाऱ्यावर प्रेम जडले की आपण त्याच्या कानांनी ऐकू लागतो आणि जुनी गोष्ट नवी होते. त्याने दाखला दिला आहे प्रेक्षणीय स्थळांचा, जवळून रोज जाऊनही आपण ज्यांच्याकडे बघत नाही त्यांचा. आपल्याला हे लगेच पटेल. संभाजीनगरात जन्म काढलेली माणसे बीबी का मकबऱ्याकडे मान वळवून पाहत नाहीत. पण नागपूरचा किंवा वसईचा पाहुणा आला, त्याला घेऊन वेरूळच्या कैलास लेण्यासमोर उभे राहिले आणि त्याचे तोंड उघडे पडलेले दिसले, की त्या दिवशी आपल्यालाही ते लेणे नव्याने दिसते.

पहिलीची बाई हे काम रोज करते. एक अधिक एक दोन होतात हे तिला हजारदा माहीत आहे. पण कोसबादच्या एखाद्या मुलीच्या तळहातावर दोन बिया ठेवल्या, तिने एक उचलून दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा एकत्र करून पाहिली, की ते गणित जगात पहिल्यांदाच घडत असते आणि बाई तिथे साक्षीला असते. अनुताईंनी असे किती क्षण पाहिले असतील! हुजूरपागेत मुली चांगल्या घरांतून, तयारीने येत. कोसबादला प्रत्येक अक्षर अडसर ओलांडून येई, म्हणून त्याचा आनंदही मोठा. मला तरी असेच वाटते.

अनुताईंचे स्वतःचे शिकणेही थांबले नाही. १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी त्या बी.ए. झाल्या. पाड्यांवरच्या आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना त्यांनी बालसेविका म्हणून तयार केले. मुलाला कसे उचलायचे, गोष्ट कशी सांगायची, रडणाऱ्या मुलाशी काय बोलायचे, इथपासून. त्या लेखही लिहीत. आपल्या आयुष्याची हकिगत त्यांनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. पुस्तकाच्या नावात कोसबाड आहे. कोसबाद आणि कोसबाड, दोन्ही रूपे चालतात.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. त्यांना १९६२ सालीच पद्मभूषण मिळाले होते. संस्थेचा भार अनुताईंवर आला. १९८२ साली रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही संस्था सुरू केली. तेव्हा त्या ७२ वर्षांच्या होत्या. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सगळेच सुफळ झाले असे मात्र कुणी समजू नये. शाळेत आलेली पुष्कळ मुले पुढे शिकू शकली नाहीत. पावसाळा संपला की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात, मुले त्यांच्याबरोबर जातात. हे आजही चालू आहे. १९९२ साली शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीला कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्याच साली, २७ सप्टेंबरला, अनुताईंनी जगाचा निरोप घेतला. एका बाईने, एका टेकडीवरून, भूक पुरी मिटवता येत नाही. पण ज्या अंगणात त्या गेल्या तिथल्या मुलांचे नाव त्यांना ठाऊक होते, आणि त्या मुलांना त्यांचे.

त्या रविवारी चहाबरोबर मी यातले एवढेच सांगितले होते की डहाणूला ८० वर्षांपूर्वी पुण्याची एक बाई आपण होऊन गेली होती. आजीने विचारले, तिच्या घरचे कोण होते मागे? मग मी त्यांच्या तेराव्या वर्षाविषयी सांगितले. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या एका मावशीचे तसेच झाले होते, असे नंतर कळले.

निर्णय त्या कुटुंबाने घरी बसून घेतला, मी घेतला नाही. मुलगी रुजू व्हायला गेली आहे. वडील पोहोचवायला गेले होते, शाळेजवळच्या गावात खोली बघून आले. पहिल्या आठवड्यात वर्गात मुले कमी आणि कोंबड्या जास्त होत्या, असा तिचा फोन आला. दुसऱ्या आठवड्यात तिने आजीकडे चिंचोके मागितले, मोजायला.

चर्चच्या आवारातील चिंचेखाली आजी सध्या तेच गोळा करत आहेत. तेवढे पुरणार नाहीत. कुणाच्या घरी चिंचोके, सागरगोटे, मोठी बटणे, रिकामी रिळे किंवा बाटल्यांची रंगीत बुचे असतील तर धुऊन, वाळवून पुढच्या रविवारी घेऊन यावीत. ऑफिसच्या दाराशी पिशवी टांगून ठेवली आहे. मुलीचा भाऊ महिनाअखेरीस डहाणूला जाणार आहे, तो घेऊन जाईल.